अकरावा कार्बन आणि बुरशी

स्टेरॉइड म्हटलं की आमच्या डॉर्मिटरीत आधी आठवतात ते फुगवलेले दंड आणि डोपिंगमध्ये सापडलेले खेळाडू. पण मित्रांनो, हे कुटुंब त्याहून बरंच मोठं आहे. अतिउंचीवर जवानाच्या मेंदूला सूज आली, तर त्याला खाली आणेपर्यंत डेक्सामेथासोन देतात. तेही स्टेरॉइडच. माझे वडील लडाखला होते, त्यामुळे हे नाव घरात सगळ्यांना माहीत आहे.

स्टेरॉइडांचा सांगाडा एकच असतो: कार्बनची चार कडी एकमेकांना जोडलेली, तीन षटकोनी आणि एक पंचकोनी. प्रत्येक कार्बनला क्रमांक असतो. डेक्सामेथासोन, कॉर्टिसोन यांसारख्या सूज उतरवणाऱ्या औषधांत ११ व्या कार्बनवर ऑक्सिजन लागतो, आणि खरी अडचण तिथेच होती. १९४० च्या दशकात अमेरिकेत कॉर्टिसोन बैलाच्या पित्तापासून बनवलं गेलं. पण त्या पित्ताम्लात ऑक्सिजन १२ व्या जागी! तो एक घर सरकवून बाकीची रचना करायला तीसहून जास्त पायऱ्या लागल्या.

१९५२ मध्ये अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरे यांनी हे काम रायझोपस बुरशीवर सोपवलं. पावसाळ्यात पावावर येणारी काळी बुरशी याच भावकीतली. तिला प्रोजेस्टेरॉन दिलं, तर तिने हवेतला ऑक्सिजन एकाच पायरीत ११ व्या कार्बनवर बसवला. बुरशीच्या एन्झाइममध्ये रेणू ठरावीक बाजूनेच बसतो, म्हणून तिचा नेम इतका चांगला.

आपल्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (जुने लोक अजून टाटा इन्स्टिट्यूटच म्हणतात) म्यूकर पिरिफॉर्मिस या बुरशीवर असाच अभ्यास झाला. ती त्याच प्रोजेस्टेरॉनच्या १४ व्या आणि ७ व्या कार्बनवर ऑक्सिजन लावते. बुरशी बदलली की जागा बदलते, आणि जागा बदलली की पदार्थाचे गुण बदलू शकतात. मला यातला हाच भाग सगळ्यात आवडला.

समुद्री बुरशांचं महत्त्व इथे कळतं. त्या खारट पाण्यात, काही तर प्रचंड दाबाखाली जगतात. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरात सुमारे ५००० मीटर खोलीवरच्या गाळातून बुरशा मिळवल्या. त्यांत जमिनीवर सर्रास आढळणारी अॅस्परजिलसही निघाली.

मला संधी मिळाली तर जमिनीवरची एक आणि खोल समुद्रातली एक अॅस्परजिलस घेईन, दोघींना सारखंच प्रोजेस्टेरॉन देईन आणि वर्गात शाईचे रंग वेगळे करतो तशी क्रोमॅटोग्राफी करून दोघींचे ठिपके एकाच उंचीवर येतात का ते पाहीन.