चावी दिली, नाव राहिलं

खोपोलीच्या एका पतपेढीत वाहनकर्जाचं टेबल मी बरीच वर्षं सांभाळलं. कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांतली माणसं यायची. त्यांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असायचे: हप्ता किती बसेल आणि गाडी किती देते? यात गैर काहीच नाही, पेट्रोल फुकट मिळत नाही. पण जुनी गाडी विकून नवी घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी मला विचारलं असेल, की जुनीचं नाव बदललं की नाही, हे कसं बघायचं? आमच्या भाओजींच्या तर ते मनातही आलं नव्हतं.

भाओजी चौक गावाजवळच्या एका कारखान्यात कामाला. त्यांनी आपली शंभर सीसीची गाडी गेटवरच्या ओळखीतल्या एका माणसाला विकली. स्टॅम्पपेपर झाला, नोटरी झाली, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. आरसी आणि सह्या केलेले कोरे फॉर्म 29 व 30 त्याच्या हातात दिले. ‘आठवडाभरात नावावर करून घेतो,’ असं तो म्हणाला. त्याने ती केली नाहीच, उलट काही महिन्यांनी तिसऱ्याला विकली. मधल्या काळात विमा संपला. तो कोण भरणार? तिसऱ्याने जुन्या मुंबई-पुणे हायवेवर संध्याकाळच्या वेळी एका पादचाऱ्याला उडवलं. त्या बिचाऱ्याचा पाय मोडला आणि मोटार अपघात दाव्याची नोटीस आली ती भाओजींच्या घरी. गाडी चालवणारा पहिला प्रतिवादी, भाओजी दुसरे.

‘अहो, पण गाडी माझी नाहीच!’ ते वकिलाला पुन्हापुन्हा सांगत होते. वकिलाने मोबाइलवर गाडीचा नंबर टाकून त्यांच्याच नावाची नोंद त्यांना दाखवली.

मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये मालकाची व्याख्या आहे. ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी, तो मालक. गाडी कोण फिरवतो, चावी कोणाच्या खिशात आहे, पैसे कोणी मोजले, याला अपघातग्रस्तासमोर किंमत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 6 फेब्रुवारी 2018 रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केलं. त्यातली मोटार एकामागून एक अशी बऱ्याच हातांतून गेली होती, विमाही नव्हता, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. न्यायालयाचा विचार साधा आहे. ज्याचा अपघात झाला, त्याने मालकांची साखळी शोधत गावोगाव हिंडायचं नसतं. हा निकाल मला पटतो. माझ्या बहिणीच्या घरावर त्याची झळ आली, तरीही पटतो.

मग तो स्टॅम्पपेपर? पुढे ज्याला गाडी विकली, त्याच्याकडून पैसे वसूल करायची वेळ आली तर पुरावा म्हणून तो उपयोगी पडेल. त्याच्याने नाव बदलत नाही. जमीन घेताना सातबारा दहादा बघणारी आमच्याकडची माणसं गाडीच्या बाबतीत मात्र नोटरीच्या शिक्क्यावर समाधान मानतात.

विकणाऱ्याने काय करायचं, ते कायद्याच्या कलम 50 मध्ये आहे. राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने 30 दिवसांत नाव लावून घ्यायचं. म्हणजे कळवण्याची जबाबदारी दोघांवरही आहे आणि विकणाऱ्याची आधी. परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर अर्ज होतो. माझा सल्ला असा: घेणाऱ्याला सोबत बसवा, अर्ज भरा, फी भरा, पावतीचा क्रमांक हातात आला की मगच चावी द्या. काही रक्कम नाव बदलेपर्यंत तुमच्याकडे अनामत ठेवायला घेणारा तयार असेल तर फारच चांगलं. आणि सह्या केलेले कोरे फॉर्म कोणालाही देऊ नका, सख्ख्या मित्रालाही नाही.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे द्यायची असेल, तर 1 एप्रिल 2023 पासून त्यासाठी वेगळा नियम आहे. व्यापाऱ्याकडे आरटीओचं अधिकारपत्र हवं. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म 29 सी मध्ये पोर्टलवर जाते आणि पुढची विक्री होईपर्यंत तो मानीव मालक ठरतो. ‘अधिकारपत्र दाखवा’ म्हटलं की रस्त्याकडेचे निम्मे व्यापारी विषय बदलतात, त्यावरून काय ते समजावं.

आता भाच्याची गोष्ट. त्याला कळंबोलीत नोकरी लागली. राहायला खोपोलीत. त्याच्या डोक्यात मोठी, आवाज करणारी गाडी. माझं म्हणणं, आधी रस्ता बघ, मग गाडी. द्रुतगती महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. मोबाइलचा नकाशा मोटारीवर ठेवून निघालेली पोरं त्यावर चढतात आणि दंड भरून परततात. म्हणजे त्याचा रोजचा रस्ता खोपोली, खालापूर, चौक, पनवेल असा जुना हायवे. शेजारून ट्रेलर गेला की हलकी गाडी बाजूला ओढली जाते. पुढे पनवेल-कळंबोलीत सिग्नल आणि गर्दी, तिथे उलट गाडी हलकी आणि वळायला सोपी हवी. दोन्ही गोष्टी सांभाळायच्या तर 125 सीसी पुरते. त्याच्याच वयाचा दहिवलीचा पोरगा घरापासून कर्जत स्टेशनपर्यंतच जात असेल, गाडी लावून लोकल पकडत असेल, तर त्याला मी 100 किंवा 110 सीसीच सांगेन. स्टेशनवर दिवसभर उभी राहणाऱ्या गाडीत जास्त पैसे कशाला अडकवायचे? मात्र मागे माणूस बसवून घाट चढायची सवय असेल, मग तो शिंग्रोबाचा असो की नेरळहून माथेरानच्या दस्तुरीपर्यंतचा, तर शंभर सीसी चढते, पण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडत.

आमच्या पावसात ब्रेक हा एव्हरेजपेक्षा मोठा प्रश्न आहे. एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना 125 सीसीपर्यंत किमान सीबीएस आणि त्यावर एबीएस सक्तीचं झालं. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. त्याआधीची गाडी घेत असाल तर यातलं काहीच नसण्याची शक्यता मोठी. पुढे डिस्क असेल तर थोडे जास्त पैसे द्यावेत. ड्रममध्ये पाणी शिरलं की पहिल्या दोन-तीन दाबांत ब्रेक लागतच नाही आणि नेमका तेव्हाच कुत्रा आडवा येतो. वाड्यांकडच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर तारांचं चाक अलॉयपेक्षा जास्त सोसतं. पण त्यात ट्यूब असते, पंक्चर झालं की हवा झटकन जाते. कशेळ्याच्या पुढे राहणाऱ्याने तारा घ्याव्यात, हायवेवाल्याने ट्यूबलेस. चेन पूर्ण झाकलेली आणि किक असलेली गाडी मिळाली तर तीच बघा. श्रावणात बॅटरी बसली की किकची किंमत कळते. साडी गार्ड मात्र काढू नका. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं आवरण, मागच्यासाठी पकडायची कडी आणि पाय ठेवायची जागा नियमानेच लागतात. पोरं स्टाइलसाठी ते काढतात आणि मागे आईला बसवतात.

नवी की जुनी, यावर घरात वाद झाला. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. नव्याची किंमत उतरली तर जुनीचीही उतरायला हवी, पण विकणारा आधीच्याच हिशोबाने भाव सांगतो. भाच्याने एक जुनी बघितली होती, दिसायला झक्क. मी नंबर पोर्टलवर टाकायला लावला. कर्जाचा बोजा तसाच. मालक म्हणाला, कर्ज केव्हाच फिटलंय. ते खरंही असेल. माझ्या टेबलावरून कर्ज फेडून गेलेल्या कितीतरी जणांनी आमचं ना-हरकत पत्र कपाटात ठेवून दिलं आणि फॉर्म 35 भरून आरसीवरचा बोजा उतरवायचं राहून गेलं. तो उतरल्याशिवाय नाव बदलण्याचं काम पुढे सरकत नाही. ‘आधी बोजा उतरवा, मग बोलू’ एवढं सांगून आम्ही उठलो.

पोर्टलवर आणखी तीन गोष्टी बघायच्या: विमा कधीपर्यंत आहे, ई-चलान थकलेत का आणि नोंदणीची मुदत. दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर तपासणी, पर्यावरण कर आणि फी भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. 20 वर्षांपुढच्या दुचाकीची फी ऑगस्ट 2025 मध्ये 2,000 रुपये झाली. आमच्याकडे एमएच-06 च्या बऱ्याच गाड्या दिसतात. पनवेलचं आरटीओ सुरू होण्याआधी कर्जत-खालापूरचं काम पेणला चालायचं, आता एमएच-46 नंबर मिळतो. जुन्या मालिकेतली गाडी स्वस्त मिळाली तर वर्ष आधी बघा. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, तेही बघा. पट्टीवरचा क्रमांक चेसिसच्या नोंदीशी जोडलेला असतो, म्हणून ती अधिकृत पोर्टलवरूनच घ्यायची. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या लिंकवर पैसे भरू नयेत.

सावरोली, पाताळगंगा भागात परराज्यांतून आलेले कामगार आपली गाडी सोबत आणतात आणि जाताना विकून टाकतात. ती घेण्याच्या फंदात घाईने पडू नये. मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 28, हातात असेल तरच बोलावं. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे राहिली तर इथला नंबर घ्यावाच लागतो आणि कर इथे नव्याने भरायचा. स्वस्तातला सौदा तिथेच महाग होतो.

शेवटी नवी 125 ठरली. नव्या गाडीचं नोंदणीचं काम शोरूमच करतं, आरटीओत जावं लागत नाही. म्हणूनच लोक कागद न बघता सही करतात. आम्ही तीन गोष्टींवर अडून बसलो. नाव आधारप्रमाणे, अक्षर न् अक्षर. मोबाइल नंबर भाच्याचा स्वतःचा. शोरूममधल्या कुणाचा नंबर टाकला गेला, तर पुढे प्रत्येक कामाचा ओटीपी त्याच्याकडे जातो आणि आपण हात चोळत बसतो. तिसरं, नामनिर्देशन. नोंदणीच्या वेळीच वारसाचं नाव लावता येतं. मालक गेल्यावर गाडी नावावर करून घ्यायला घरातल्यांना होणारा त्रास मी टेबलावर फार बघितला आहे.

विम्याचंही नीट समजून घ्या. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. लोक पाच वर्षं निर्धास्त राहतात आणि गाडी चोरीला गेली की धावत येतात. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. ‘हँडलिंग’ नावाचा आकडा बिलात दिसला तर तो कशाचा, हे विचारा आणि पावती मागा. आमच्या बिलातून तो विचारल्यावर गेला.

घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा असेल तर चावी लपवा. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. इथेही मालक म्हणजे आरसीवरचाच. ‘नंबर नको, लायसन्स नको’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटरीच्या स्कूटरने यातून सुटका होते, असं समजू नका. मोटर 250 वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल तरच ती सूट. चाळीसने पळणारी स्कूटर विनानंबरची असेल, तर ती नोंदणी आणि विमा नसलेलं मोटार वाहनच आहे आणि अपघात झाला तर भाओजींसारखीच गत.

भाच्याला गाडी दसऱ्यालाच हवी होती. नंबर पडल्याशिवाय गाडी ताब्यात देणं नियमाला धरून नाही, म्हणून आधीच आठवडाभर कागद देऊन ठेवले. दसऱ्याच्या सकाळी नंबरप्लेट लावलेली गाडी मिळाली. मी हेल्मेट मागितलं. नव्या दुचाकीसोबत आयएसआय हेल्मेट कंपनीने द्यायचं, असा नियमच आहे. ‘स्टॉक संपलाय, नंतर या,’ असं उत्तर आलं. गाडीला हार घातलेला, पेढे वाटून झालेले, मागे पुढचं गिऱ्हाईक उभं. भाचा खुर्चीवर बसून राहिला. अर्ध्या तासाने आतून एक खोकं आलं. माप त्याच्या डोक्याला बसत नव्हतं, तेही बदलून घेतलं.