जुने दप्तर कसे जगते?

दप्तर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे पाठीवरची पिशवी येते. पण दप्तर म्हणजे मुळात नोंदींचा संग्रह. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि फारसीत तो गेला ग्रीक भाषेतून. तेथे त्याचा अर्थ होता कातडे, कारण एके काळी लिहायला कातडेच वापरीत. असे खरेखुरे दप्तर आजही जिल्हाधिकारी कचेरीत, तहसिलीत, भूमी अभिलेख कार्यालयात आणि नगरपालिकेत असते. लोखंडी मांडण्यांवर कापडात बांधलेले गठ्ठे ओळीने ठेवलेले असतात. मराठवाड्यात अशा गठ्ठ्याला बस्ता म्हणतात, पुण्याकडे रुमाल. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे असे हजारो रुमाल आहेत.

बीड जिल्ह्याचे दप्तर जरा निराळे आहे. हा जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पुढे १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. संस्थानचा कारभार १८८४ सालापर्यंत फारसीत आणि नंतर उर्दूत चाले. गावचा हिशेब मात्र पुष्कळदा मोडीत असे. त्यामुळे एकाच खोलीत तीन भाषांचे कागद शेजारी शेजारी नांदतात. जुन्या कागदांत बीडचे नाव ‘भीर’ असे आढळते, तर अंबाजोगाईचे ‘मोमिनाबाद’. सनही आपल्या ओळखीचा नाही, तो फसली. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो. वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्याने जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवायचे. म्हणजे १३४५ फसली हे साल १९३५-३६ चे. करून पाहा, १३५८ फसली म्हणजे कोणते साल?

या जुन्या कागदांना कोण विचारतो, असे तुम्हाला वाटेल. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाड्यातील निजामकालीन कागदांत ‘कुणबी’ अशी नोंद कोठे कोठे आहे, ते तिने शोधायचे होते. सुमारे पावणेदोन कोटी कागद पाहून झाल्यावर ११,५३० नोंदी सापडल्याचे ऑक्टोबरअखेर जाहीर झाले. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या जाणकारांना एकाएकी मागणी आली. आरक्षणाचा प्रश्न हा या लेखाचा विषय नव्हे. पण पणजोबांच्या नावापुढे कोण्या कारकुनाने टाकलेला एक शब्द पणतूच्या शिक्षणाशी येऊन भिडतो, हे ध्यानात घ्या. त्याच आंदोलनाच्या धामधुमीत ३० ऑक्टोबर २०२३ रोजी माजलगाव नगरपरिषदेच्या इमारतीला आग लावली गेली. कागदाचा शोध आणि कागदाचा सर्वांत मोठा शत्रू, दोन्ही एकाच दिवशी एकाच जिल्ह्यात!

आता असे समजा की, या दप्तराच्या किल्ल्या तुमच्या हाती दिल्या आहेत. शिपाई, कारकून, अभिलेखापाल तुमच्या हाताखाली आहेत. पहिल्याच दिवशी एक कोडे पडेल. दोनशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद हातात घेतला तर तो मऊ आणि चिवट लागतो. उलट १९३० च्या सुमारासची नोंदवही उघडावी, तर पान तपकिरी पडलेले आणि कडा पापडासारख्या मोडतात. नवा कागद आधी का मरावा?

उत्तर कागदाच्या घडणीत आहे. कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू. सेल्युलोजचा रेणू ही ग्लुकोजच्या हजारो कड्यांची लांबच लांब साखळी असते. साखळी लांब, तोवर कागद चिवट. जुना कागद चिंध्या, ताग यांपासून हाताने बनवीत. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हा धंदा शतकानुशतके चालत आला. या कच्च्या मालात सेल्युलोज चांगले लांब असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त यंत्रकागद आला. त्यावर शाई फुटू नये म्हणून राळ आणि अॅल्युमिनियम सल्फेट (कागदवाले याला तुरटीच म्हणत) घालीत. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन हे सल्फेट हळूहळू आम्ल तयार करते आणि आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या तोडते. लाकडातील लिग्निन प्रकाशाने आणि हवेने पिवळे पडते, ते वेगळेच. कागद आपल्या मरणाचे औषध पोटात घेऊनच जन्माला आलेला असतो म्हणा ना! मोडी कागदावरील शाईसुद्धा भाग्यवान. ती काजळीची, म्हणजे कार्बनची. कार्बन सहसा विटत नाही.

हे तुम्हाला घरी तपासता येईल. रद्दीतले वीसपंचवीस वर्षांपूर्वीचे एक वर्तमानपत्र आणि आजचे एक घ्या. प्रत्येकाचा कोपरा एकदा पुढे, एकदा मागे असा दुमडत राहा. तुकडा तुटेपर्यंत किती घड्या झाल्या ते मोजा. अभिलेखतज्ज्ञ कागदाची ताकद अजमावायला हीच चाचणी वापरतात. दुसरी पट्टी पंधरा दिवस उन्हात ठेवून पुन्हा मोजा. प्रयोग रद्दीवरच करायचा, आजोबांच्या खरेदीखतावर नव्हे!

रासायनिक क्रियेचा वेग उष्णतेने वाढतो, हे तुम्ही शिकला आहात. दहा अंश तापमान वाढले की कागदाची झीज ढोबळ मानाने दुप्पट किंवा त्याहून अधिक होते. बीडचा मे महिना चाळीस अंशांच्या वर जातो. पत्र्याखालच्या वा गच्चीखालच्या खोलीत त्याहून जास्त. म्हणजे दप्तर वरच्या मजल्यावर ठेवले तर ते भाजते. मग तळमजल्यावर ठेवावे? बीड शहरातून बिंदुसरा नदी वाहते आणि १९८९ साली तिच्या पुराने शहरात हाहाकार उडाला होता. इटलीत फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील लाखो ग्रंथ नोव्हेंबर १९६६ मधील आर्नो नदीच्या पुरात चिखलात गेले. तेव्हा दप्तरप्रमुखाला मधला मजला पाहावा लागतो. तो नसेल तर तळमजल्यावर सर्वांत खालची फळी जमिनीपासून वीतभर तरी उंच घ्यायची, तीवर कमी मोलाचे कागद ठेवायचे आणि मांडणी भिंतीला चिकटू द्यायची नाही. कागदांपेक्षा खोलीची निवड महत्त्वाची, असे माझे मत आहे. चांगल्या खोलीत दुर्लक्षित कागदही टिकतो.

आता ओलावा. शाळेच्या प्रयोगशाळेतून दोन तापमापी घ्या. एकीच्या फुग्याला ओल्या सुती कापडाची चिंधी गुंडाळा आणि दोन्ही पंख्याखाली ठेवा. पाणी उडून जाताना उष्णता घेते, म्हणून ओल्या तापमापीचा पारा खाली उतरतो. हवा जितकी कोरडी, तितका तो अधिक उतरतो. कोरडी ३० अंश आणि ओली २५ अंश दाखवीत असेल तर सापेक्ष आर्द्रता सुमारे ६७ टक्के. ऐन उन्हाळ्यात कोरडी ४० आणि ओली २० दाखवू लागली, तर ती अवघी १४ टक्क्यांच्या आसपास. कागदाला ४५ ते ५५ टक्के मानवते. त्याहून फार कमी झाली की तो ठिसूळ होतो आणि ६५-७० च्या वर गेली की बुरशी धरते. म्हणून पावसाळी दिवशी ‘जरा हवा खेळू द्या’ म्हणून खिडक्या उघडणारा शिपाई नकळत बुरशीला आमंत्रण देत असतो. बाहेर आणि आत दोन्हीकडे मोजायचे. बाहेरची हवा कोरडी असेल तेव्हाच खिडकी उघडायची.

कसर, वाळवी, झुरळे यांचा बंदोबस्त हे जुनेच दुखणे. बस्त्यात कडुलिंबाचा पाला आणि वेखंड ठेवण्याची आपली पद्धत वाईट नाही. पण त्याने कीड बिचकते, आत शिरलेली मरेलच असे नाही. पूर्वी थायमॉलची धुरी देत, पण तिच्या वाफा माणसालाही बाधतात. आता कीड लागलेला गठ्ठा हवाबंद पिशवीत घालून शून्याखाली वीस-तीस अंशांवर काही दिवस गोठवतात. सर्वांत स्वस्त उपाय मात्र शिस्तीचा आहे. बाहेरून आलेला बस्ता सरळ मांडणीवर चढवायचा नाही. आधी वेगळ्या खोलीत उघडायचा, झटकायचा, पाहायचा, नोंद करायची आणि मगच आत. आणि दप्तरखोलीत डबा खायचा नाही!

फाटलेले पान जोडताना नियम एकच: उद्या काढता येईल असेच लावायचे. गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि पातळ जपानी कागद पाण्याने सुटतात. चिकटपट्टी सुटत नाही, तिचा डिंक पिवळा पडून अक्षरे खातो. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील ओ. पी. गोयल यांनी १९५० च्या दशकात एक सोपी रीत काढली. सेल्युलोज अॅसिटेटचा पातळ पडदा आणि तलम कागद पानावर ठेवून अॅसिटोनच्या बोळ्याने चिकटवायचा. महागडे यंत्र लागत नसल्याने ही रीत खूप चालली. पुढे कळले की काही काळाने अॅसिटेट स्वतःच विघटन पावून अॅसेटिक आम्ल सोडते. म्हणून आता आधी कॅल्शियमच्या क्षाराने कागदातील आम्ल मारतात आणि मग शक्यतो खळीनेच काम भागवतात.

सर्वच कागद ठेवणे शक्य नसते. महाराष्ट्रातील कचेऱ्यांत ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा वर्षांचा, ‘क-१’ पाच वर्षांचा आणि ‘ड’ एक वर्षाचा. शेजारच्या अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) १९८० च्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची मांडणीच बदलली. कोणता कागद कोठे आहे, हे चटकन सांगता येणे हा त्यांचा आग्रह होता. पुढे २००५ साली राज्याने सार्वजनिक अभिलेखांचा कायदा केला. तरी ‘ड’चा शिक्का मारणारा हात जपूनच चालला पाहिजे. जन्म-मृत्यूच्या जुन्या कोतवाल बुकांकडे २०२३ साली कोण धावेल, हे लिहिणाऱ्याला थोडेच ठाऊक होते!

छायाप्रती काढून संगणकात घातले की झाले, असे हल्ली म्हणतात. प्रत काढल्याने मूळ कागदाची हाताळणी थांबते, हा मोठा लाभ. पण फसली सन, गावाचे जुने नाव आणि लिपी यांची सूची सोबत नसेल तर लाखो चित्रांत हवे ते पान सापडत नाही. शिवाय संगणकातील साठवणही दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवावी लागते. कागद निदान कपाटात पडून राहतो.

२०२३ च्या शोधात शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्याही उघडल्या गेल्या. तुमची शाळा जुनी असेल तर तशी वही मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे. सरांच्या परवानगीने ती टेबलावर सपाट ठेवून पाहा. हात धुऊन कोरडे करा, बोटाला थुंकी लावू नका, पान खालच्या नव्हे तर वरच्या कोपऱ्याला धरून उलटा. कडा तपकिरी झाल्या आहेत का, शिवण सुटली आहे का, छोटी गोल भोके दिसतात का, ते कागदावर पेन्सिलीने टिपा, पेन जवळ नको. मग कपाटाजवळ पंख्याखाली दोन तापमापी ठेवून आषाढातल्या एका आठवड्यात रोज सकाळ-दुपार आर्द्रता मोजा आणि आकडे वहीत लिहून मुख्याध्यापकांना दाखवा.