यात्रेच्या वाहनातील भार व चाकांची हवा

चैत्री पौर्णिमेस सप्तशृंगगड, जोतिबा आदी क्षेत्री सहकुटुंब येणाऱ्या भाविकांची वाहने बहुधा काठोकाठ भरलेली असतात. सात प्रौढ माणसांचे वजनच सुमारे साडेचारशे किलो होते. त्यात अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी आणि अन्नदानासाठी आणलेली ५० किलोची दोन पोती धरली, तर भार सहाशे किलोंच्या सहज वर जातो. हा भार टायरचे रबर पेलत नाही. तो मुख्यतः आत कोंडलेली हवा पेलते. चाकांत हवा मात्र पुष्कळदा रोजच्या, दोन माणसांच्या फेरीपुरतीच असते.

उन्हाळ्यात टायर तापून फुटतो, म्हणून हवा थोडी कमी ठेवावी, असा समज वाहनचालकांत सर्वत्र आढळतो. हा समज घातक आहे. हवा कमी असली म्हणजे टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक दबते व पुन्हा ताठ होते. ताशी ८० कि.मी. वेगाने जाणाऱ्या जीपच्या चाकाचे मिनिटाला सुमारे सहाशे फेरे होतात. तार वारंवार वाकवली असता ती तापून तुटते, तशीच गत टायरच्या आतील थरांची होते. उन्हापेक्षा ही आतली उष्णताच टायरचा घात करते. भार, वेग आणि कमी हवा ही तिन्ही कारणे एकत्र आली, की धोका अनेक पटींनी वाढतो. नागपूर-शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये व संपूर्ण ७०१ कि.मी.चा मार्ग जून २०२५ मध्ये खुला झाला. तेव्हापासून विदर्भातील भाविकांना तासन् तास एकाच वेगाने येता येते. अशा रस्त्यावर टायरला निवण्यास उसंतच मिळत नाही. काँक्रीटला दोष देण्यापूर्वी चाकांतील हवा पाहणे अधिक शहाणपणाचे होय.

हवा किती असावी, हे वाहन बनविणाऱ्या कंपनीने ठरवून दिलेले असते. चालकाच्या दाराजवळील खांबावर अथवा इंधनाच्या झाकणाच्या आत त्याची पाटी असते. माहितीपुस्तिकेतही ते आकडे मिळतात. पुष्कळ वाहनांत कमी भारासाठी एक व पूर्ण भारासाठी दुसरा, असे दोन आकडे दिलेले असतात. मागील चाकांचा आकडा बहुधा जास्त असतो, कारण सामान मागेच भरले जाते. यात्रेस निघताना पूर्ण भाराचा आकडा पाळावा. टायरच्या कडेवर कोरलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरावी असा त्याचा अर्थ नव्हे. पूर्ण हवा भरली म्हणून वाहनाच्या क्षमतेपेक्षा अधिक वजन लादता येते, असेही नाही.

हवेची तपासणी पहाटे, टायर थंड असताना करावी. समजा, पहाटे ३६ पौंड हवा भरली. दुपारी टायर तीस अंशांनी तापल्यावर तीच हवा ४१ पौंड दाखवील. ही वाढ स्वाभाविक असून तिचा विचार करूनच थंड टायरचा आकडा दिलेला असतो. घाटाच्या पायथ्याशी घाबरून पाच पौंड हवा सोडल्यास, रात्री टायर निवल्यावर ती ३१ पौंडच उरते आणि दुसऱ्या दिवशीचा प्रवास कमी हवेवर होतो. तापलेल्या टायरमधील हवा कधीही सोडू नये.

नांदुरीहून गडावर चढणाऱ्या घाटासारख्या वळणावळणाच्या रस्त्यावर प्रत्येक वळणाला भार बाहेरच्या चाकांवर कलतो. टपावर सामान बांधलेले असल्यास तो अधिकच कलतो. म्हणून जड पोती खाली, मधल्या भागात ठेवावीत. उतरताना सतत ब्रेक दाबल्याने ब्रेक व चाक तापतात आणि ती उष्णता टायरपर्यंत पोहोचते. उतार खालच्या गिअरमध्येच उतरावा.

बस वा ट्रकच्या मागील जोडचाकांविषयी विशेष दक्षता हवी. आतील टायरची हवा गेली तरी बाहेरचा टायर गाडी तोलून धरतो, त्यामुळे पाहणाऱ्यास काहीच कळत नाही. दोन टायरांचा भार मात्र एकावर पडतो. टायरवर लोखंडी पहार मारून आवाजावरून हवा ओळखण्याची रीत जुनी असली, तरी तिने रिकामा टायर तेवढा कळतो. वीस पौंड कमी असलेला कळत नाही. प्रत्येक टायर मापकानेच तपासावा. दोन टायरांमध्ये अडकलेला दगडही काढावा. हवा गेलेल्या स्थितीत काही अंतर धावलेला टायर नुसती हवा भरून पुन्हा वापरू नये. तो उतरवून आतून तपासून घ्यावा.

स्टेपनीची आठवण बहुतेकांना पंक्चर झाल्यावरच होते. तिच्यात सर्वांत जास्त आकड्याइतकी हवा ठेवावी, म्हणजे ती कोणत्याही चाकास चालते. कमी करणे रस्त्यातही जमते, भरणे जमत नाही. क्षेत्री धान्य अर्पण केल्यावर परतीचे वाहन हलके होते. तरी हवा लगेच सोडण्याची घाई करू नये. घरी पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे, टायर थंड असताना, ती पाटीवरील कमी भाराच्या आकड्यावर आणावी.