वकट, लेंड, मूंड, नाल

विटीदांडू आपण सर्वांनी खेळलेला आहे. विटी म्हणजे दोन्ही टोकांना तासलेली लाकडाची लहान कांडी. दांडू म्हणजे हातभर लांब काठी. जमिनीत लांबट खड्डा करून त्यावर विटी आडवी ठेवतात आणि दांडूने उडवतात. खेळताना अंतर मोजायचे ते दांडूनेच. पण मोजताना आपण एक, दोन, तीन असे म्हणत नाही. आपण म्हणतो वकट, लेंड, मूंड, नाल!

हे शब्द कुठले? मी माझ्या आजोबांना विचारले. ते बोलले, "आम्ही लहान होतो तेव्हापण असंच मोजायचो. अर्थ कोणाला ठाऊक?"

अर्थ मला आमच्याच वर्गात सापडला. तो कसा, ते सांगतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या वर्गात एक नवीन मुलगा आला. त्याचे बाबा यंत्रमागावर काम करतात. त्यांचे गाव तेलंगणात आहे. त्याला मराठी थोडीच येते. एकदा बाईंनी त्याला फळ्यावर बेरीज करायला सांगितली. तो बोटांवर त्याच्या भाषेत मोजू लागला. सगळी मुले हसली. मीपण हसलो. तो गणित अर्धे टाकून जागेवर जाऊन बसला. मग मधल्या सुट्टीत तो भिंतीजवळ एकटाच उभा राहायचा.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर आमचा डाव रंगला होता. मी दांडू टाकत मोजत होतो, "वकट, लेंड, मूंड..." तेवढ्यात तो भिंतीजवळून धावत आला आणि मोठ्याने बोलला, "नालुगु!" आम्ही बघतच राहिलो. मी विचारले, "तुला काय माहीत पुढे नाल येतो ते?" तो बोलला, "हे आमचे आकडे!"

सोमवारी आम्ही बाईंना सांगितले. बाईंनी त्यालाच फळ्याजवळ बोलावले. तो एकेक आकडा सांगत गेला आणि बाईंनी लिहिले :

एक : तेलुगूत ओकटि, खेळात वकट
दोन : तेलुगूत रेंडु, खेळात लेंड
तीन : तेलुगूत मूडु, खेळात मूंड
चार : तेलुगूत नालुगु, खेळात नाल

म्हणजे बोलता बोलता शब्द थोडे बदलले, पण ओळखू येतात. बाई म्हणाल्या, तेलुगू, कन्नड, तमिळ व मल्याळम या एका कुटुंबातल्या भाषा आहेत. त्यांना द्राविडी भाषा म्हणतात. कन्नडमध्ये ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु असे मोजतात. पण आपले वकट आणि लेंड तेलुगूलाच जास्त जवळचे आहेत.

नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर आणि गडचिरोली हे आपले जिल्हे तेलंगणाला लागून आहेत. हद्दीवरची माणसे इकडे तिकडे जातात येतात. आपल्या भिवंडीतही मागाच्या कामासाठी खूप तेलुगू विणकर आले. पद्मनगरात तेलुगू बोलणे ऐकू येते. माणसांबरोबर शब्दही फिरतात. खेळातले शब्द तर मोठी मुले लहान मुलांना शिकवतात. अर्थ विसरला तरी शब्द राहतो, कारण मोजताना शब्द चुकला तर दुसरी मुले लगेच भांडतात!

या खेळाला नावेही किती! हिंदीत गिल्लीडंडा, गोव्यात कोयंडो-बाल. इंग्लंडमध्ये असाच खेळ होता, त्याचे नाव टिपकॅट. तिथे विटीला कॅट म्हणजे चक्क मांजर म्हणत. इटलीत त्याला लिप्पा म्हणतात.

पण मला एक गोष्ट सारखी आठवते. ज्या आकड्यांना आम्ही वर्गात हसलो, तेच आकडे आम्ही रोज मैदानात ओरडत होतो. आजोबांपासून ओरडत होतो. मला फार लाज वाटली. त्या दिवशी मी त्याला माझा डाव दिला. त्याने असा टोला मारला की विटी शाळेच्या कौलांवर गेली.

आता दोन्ही गड्यांचे मोजायला आम्ही त्यालाच उभा करतो. तो मोजतो तेव्हा भांडण होत नाही.

मित्रांनो, तुमच्या खेळात असे न कळणारे शब्द आहेत का? घरी विचारा आणि या कागदाखाली लिहा.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी