अवघड अप्रोच कुणासाठी?

अगं, इन्स्ट्रुमेंट शिकवायचं रेटिंग हातात आलं की नव्या शिक्षकाला एक खुमखुमी येतेच. विद्यार्थ्याला कुठल्यातरी नामांकित, डोंगरांत दडलेल्या विमानतळावर न्यायचं आणि ‘बघ, अप्रोच याला म्हणतात’ असं दाखवायचं. तुझ्या मनात ॲस्पेन घोळतंय हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगते, तिथे नको. का नको, तेही ऐक.

कोलोरॅडोतलं ते विमानतळ ७,८०० फुटांवर, दरीत. तिथल्या जुन्या लोकलायझर अप्रोचचा उतार इतका तीव्र आहे की चार्टवर सरळ उतरण्याची मिनिमा नाहीच, फक्त सर्कलिंगची आहे. मिस्ड अप्रोचला चढायचं ते १४,००० फुटांपर्यंत, आणि तुमच्या सेसना १७२ची मजल साधारण तिथेच संपते. २९ मार्च २००१ला एक भाड्याचं गल्फस्ट्रीम जेट तिथे अंधार पडल्यावर पोचलं. रात्री सर्कलिंग करायचं नाही अशी सूचना निघालेली होती. उशीर झालेला, वर प्रवाशांकडून उतरण्याचा आग्रह. विमानातले १८ही जण गेले. अशा जागी हूडखाली बसलेला पोरगा शिकणार काय? एक तर धसका घेईल, नाहीतर ‘ताई शेजारी आहे, ती सांभाळेल’ हे शिकेल. दुसरं जास्त वाईट.

मला विचारशील तर अप्रोच डोंगरामुळे अवघड होत नाही. त्यात माणसाच्या डोक्याचा गोंधळ उडवणारी एखादी जागा असते, अवघडपणा तिथे असतो. डोंगर फक्त त्या गोंधळाची किंमत वसूल करतो. तेव्हा मोठ्या अपघातांचे अहवाल काढून बस, प्रत्येकात तो सापळा नेमका कुठे होता ते शोध, आणि मग तसाच सापळा सपाट जमिनीवर, स्वच्छ दिवशी तुझ्या विद्यार्थ्यापुढे ठेव.

ग्वामचंच घे. ६ ऑगस्ट १९९७ला कोरियन एअरचं ८०१ तिथे रात्री पावसात उतरत होतं. ग्लाइडस्लोप बंद होता, म्हणजे लोकलायझर धरून डीएमईच्या अंतराप्रमाणे पायरीपायरीने खाली यायचं होतं. पण तिथलं व्हीओआर-डीएमई विमानतळावर नव्हतं, धावपट्टीच्या ३.३ मैल अलीकडे निमित्झ टेकडीवर होतं. आकडा उतरत उतरत शून्यावर येतो तेव्हा खाली टेकडी असते, धावपट्टी अजून पुढेच, आणि नंतर आकडा पुन्हा वाढायला लागतो. विमान त्याच टेकडीवर आदळलं. २२८ माणसं गेली. डीएमई म्हणजे धावपट्टीचं अंतर, हे समीकरण विद्यार्थ्याच्या डोक्यात किती घट्ट बसतं हे तू पाहशीलच. ते मोडायला टेकडी लागत नाही. जिथे व्हीओआर विमानतळाबाहेर आहे असा एखादा साधा अप्रोच निवड आणि आकडा उलटा फिरायला लागला की त्याला विचार, ‘आत्ता आपण कुठे आहोत?’ अमेरिकेत व्हीओआर एकेक करून बंद होताहेत, म्हणून निघण्यापूर्वी नोटॅम बघ. जीपीएसवरही हा सापळा आहेच. तिथलं अंतर पुढच्या फिक्सचं असतं, धावपट्टीचं नाही, आणि प्रत्येक फिक्स ओलांडला की ते नव्याने सुरू होतं.

दुसरा सापळा काठमांडूचा. २८ सप्टेंबर १९९२ला पाकिस्तानच्या एअरबसने तिथल्या अप्रोचच्या पायऱ्या एक पायरी आधीच उतरायला घेतल्या. प्रत्येक टप्प्यावर उंची पुढच्या टप्प्याची. १६७ जण होते, कुणी वाचलं नाही. चार्टवर तीन-चार पायऱ्या असल्या की नजर एक ओळ घसरते, ती कुणाचीही घसरते. असा चार्ट तुझ्या भागात सापडेल. विद्यार्थ्याला प्रत्येक फिक्सवर मोठ्याने बोलायला लाव: हा फिक्स ओलांडला, आता ही उंची, पुढचा फिक्स अमुक. त्याला कंटाळा आला तरी चालेल, बोलणं थांबू देऊ नकोस.

तिसरी गोष्ट व्हेक्टर्सची. कंट्रोलर दिशा देतो, विद्यार्थी आयता लोकलायझरवर येऊन बसतो, आणि सगळं छान जमलं असं दोघांनाही वाटतं. १ डिसेंबर १९७४ला टीडब्ल्यूए ५१४ला वॉशिंग्टनच्या डलस विमानतळासाठी अप्रोचची परवानगी मिळाली. परवानगी मिळाली म्हणजे १,८०० फुटांपर्यंत उतरायला हरकत नाही, असं वैमानिकांनी धरलं. वाटेत माउंट वेदर होता. ९२ मृत्यू. परवानगी मिळाल्यावरही कुठल्या तुकड्यावर किती उंची राखायची हे ज्याचं त्याने चार्टवरून ठरवायचं असतं, आणि ते व्हेक्टर्स घेत बसलेल्या मुलाला कधी कळत नाही. पूर्ण प्रोसिजर मागून घे. होल्डमध्ये शिरणं, प्रोसिजर टर्न, डीएमई आर्क, सगळं त्याचं त्याला करू दे.

आता क्रम. एका उड्डाणात नवा सापळा एकच. ज्या दिवशी पायऱ्या शिकवशील त्या दिवशी ॲटिट्यूड इंडिकेटर झाकू नकोस, वारं आडवं असेल तर बेत पुढे ढकल. नवा अप्रोच आधी जमिनीवर, मग सिम्युलेटरवर, मग हवेत. ॲस्पेन आणि काठमांडू सिम्युलेटरवर खुशाल उडवा, त्याचीच ती जागा आहे. सर्कलिंग दिवसाउजेडी, हूड काढून आणि सुरुवातीला धावपट्टी विद्यार्थ्याच्या डाव्या हाताला राहील असं. कॅटेगरी एला जुन्या निकषाने १.३ मैलांचीच सुरक्षित जागा मिळते, ती जमिनीवरून कशी दिसते हे त्याला आधी डोळ्यांनी कळू दे.

आणि बाई, बाहेर बघायचं काम तुझं आहे. टॉवर नसलेल्या विमानतळावर वाऱ्यामुळे इतर लोक एका धावपट्टीवर उतरत असतात आणि तुम्ही सराव म्हणून समोरून येत असता. रेडिओवर फिक्सचं नाव सांगून त्यांना काही कळत नाही. ‘पाच मैल उत्तरेला, दोन हजार फूट’ असं साधं सांग.

मिस्ड अप्रोचबद्दल मी हट्टी आहे. मिनिमाला पोचल्यावर हूड काढायला सांगणार की वर जायला लावणार, हे विद्यार्थ्याला आधी कळता कामा नये. २२ मे २०१०ला आपल्या मंगळूरला विमान फार उंचावरून येत होतं. सहवैमानिकाने परत वर जायला सुचवलं, तरी कप्तानाने उतरणं सोडलं नाही. ८,००० फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली ती ५,२०० फूट पुढे. १५८ जण गेले. उतरायचंच ही सवय शिकण्याच्या काळातच लागते, आणि ती तुझ्यामाझ्यासारखे शिक्षक लावतात. म्हणून दर वेळी चांगला चाललेला अप्रोचसुद्धा मधूनच सोडायला लाव, आणि मिस्ड अप्रोच कागदावरच्यासारखा होल्डपर्यंत पूर्ण उडव.

रेटिंगसाठी २५० मैलांचा जो प्रवास करावा लागतो, त्यातले तीन वेगवेगळे अप्रोच बरेच शिक्षक सोयीचे निवडून मोकळे होतात. तू तसं करू नकोस. तो एकमेव लांबचा प्रवास आहे, त्यात एक तरी अनोळखी चार्ट असू दे. विद्यार्थी रडकुंडीला आला तर मात्र सरळ उड, त्याला पाणी पिऊ दे, आणि आणखी एक अप्रोच करायचा आग्रह धरू नकोस. निवड त्याच्यासाठी आहे.

या आठवड्यात तुझ्या तळापासून पन्नास मैलांतले सगळे चार्ट काढ. प्रत्येकावर त्यातला सापळा एका ओळीत लिही. ज्यावर काहीच लिहिता येणार नाही तो पहिल्या धड्याला ठेव. यादी मला पाठव, क्रम आपण दोघी मिळून लावू.