म्हातारे तारे

चुलीतला निखारा राखेने झाकला, की दिसत नाही. पण हात जवळ न्या. ऊब लगेच कळते. आकाशातही असेच आहे.

माणसासारखा ताराही म्हातारा होतो. तो फुगतो, लाल होतो. त्याचा उजेड कमीजास्त होऊ लागतो. मीरा हा असाच एक तारा. लॅटिन भाषेत मीरा म्हणजे नवलाची. १५९६ साली फाब्रिसियस यांनी त्याचा उजेड बदलताना पाहिला. सुमारे ११ महिन्यांत मीरा एकदा तेजाळतो. मधे तो नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही.

असे तारे धूळ बाहेर टाकतात. ती धूळ त्यांनाच झाकते. पण धूळ तापते. तिची ऊब किरणांतून बाहेर पडते. या किरणांना अवरक्त किरण म्हणतात. ते १८०० साली विल्यम हर्शेल यांनी शोधले.

यातले बरेच किरण आपली हवा अडवते. म्हणून अमेरिकेने २००३ साली स्पिट्झर नावाची दुर्बीण अंतराळात पाठवली. ती २०२० पर्यंत चालली.

आपला सूर्य ज्या तारासमूहात आहे, ती आकाशगंगा. तिच्या शेजारी असे लहान समूहही आहेत. स्पिट्झरने त्यांतले ५० समूह तपासले. सहा महिन्यांनी पुन्हा तपासले. ज्यांची ऊब बदलली, ते तारे ओळखू आले. धुळीत दडलेले शेकडो म्हातारे तारे सापडले.

हे कशासाठी शोधायचे? अशाच धुळीतून नवे तारे आणि ग्रह घडतात. आपल्या अंगातला पुष्कळ कार्बन अशा ताऱ्यांतच तयार झाला. म्हातारा तारा विझता विझता पुढच्यांची शिदोरी बांधून जातो.

सांगा पाहू : झाकलेला तारा कशावरून ओळखतात?