आजारपण आणि हजेरीपट

आमच्या गंगाखेड भागातली तरणी पोरं वाळूजला, चाकणला कंपनीत जातात आणि दिवाळीच्या आगेमागे जोडपी ऊसतोडीला. घरातली, भावकीतली दुखणी निभावताना कागदपत्रांसाठी मी बरीच हिंडले. तेव्हा जे उमगलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

१. दवाखान्याचा खर्च सगळे मोजतात, बंद झालेला पगार कुणी मोजत नाही. धाकट्या भावाला मणक्याचा टीबी निघाला. गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळाल्या. महात्मा फुले योजनेचं कार्डही होतं, पण ते पैसे दवाखान्याला जातात. निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये अंड्या-दुधाला पुरले. खोलीचं भाडं आणि किराणा तसाच राहिला.

२. त्याच्या पगाराच्या स्लिपवर सगळ्यात छोटी कपात होती ई.एस.आय.ची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची. पगाराच्या पाऊण टक्का. मालक त्यात सव्वातीन टक्के घालतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी ही सोय आहे. साध्या आजारात सरासरी रोजाच्या ७० टक्के मिळतात, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. टीबी, कर्करोग, पक्षाघात अशा ठरलेल्या ३४ लांबणाऱ्या आजारांत ८० टक्के, तेही दोन वर्षांपर्यंत. खात्यात पहिली रक्कम आली तेव्हा आई घाबरली. "काम न करता पैसे कशाचे? उद्या परत मागतील." हे उपकार नाहीत, त्याच्याच पगारातून कापलेले आहेत, हे तिला पटवायला मला फार वेळ लागला. जन्मभर रोजाने राबलेल्या बाईला बसून मिळालेला पैसा आपला वाटेना. ते बघून मीच हलले.

३. आज आजारी पडलेल्या माणसाकडे मागची हजेरी मागतात. साध्या लाभाला सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी हवी. लांबणाऱ्या आजाराला सलग दोन वर्षांची विमाधारक नोकरी आणि त्यात १५६ दिवसांची वर्गणी. भावाच्या खोलीतल्या एका पोरालाही टीबीच झाला होता. त्याने तितकंच काम केलेलं, पण दर ठेकेदाराने नवा विमा क्रमांक काढलेला. कागद जुळेनात, तो गावी परतला. क्रमांक जन्मभर एकच असतो. ठेकेदार बदलला की जुनाच द्यायचा, एवढं त्याला कुणी सांगितलं असतं तर!

४. आजारपणात नोकरी बहुतेकदा आपल्याच सहीने जाते. "आत्ता राजीनामा दे, बरा झालास की घेऊ," असं गोड बोलून कागद पुढे सरकवला जातो. आजारपणाचा लाभ चालू असताना कामगाराला काढता येणार नाही, असं कलम १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यातच घातलेलं होतं. पण स्वतः दिलेल्या राजीनाम्यापुढे कलम काय करणार? माझा मामेभाऊ एसटीत ड्रायव्हर. अर्धांगाचा झटका आल्यावर घरच्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा विचार पक्का केला होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० त्यांना वाचून दाखवलं. सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. तशी जागा नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावं लागतं. अर्ज थांबला. आज तो टेबलावरचं काम करतो. खासगी नोकरीत ही ढाल नाही, म्हणून तिथे सही करण्याआधी चार दिवस मागून घ्यावेत.

५. ई.एस.आय.ची कपातच नसलेल्या, मोंढ्यातल्या छोट्या दुकानात राबणाऱ्यांच्या वाट्याला फार थोडं येतं. तहसीलमधून संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळू शकतात, पण गंभीर आजार असला तरी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. दिवसाला साठ रुपयेही नाहीत. एवढ्यात कुणाचं घर चालतं?

६. ज्यांना आजाराची रजा सगळ्यात जास्त हवी, त्यांना आजारी पडल्याचा दंड भरावा लागतो. ऊसतोडीच्या फडात एक दिवस पडून राहिलं की खाडा लागतो आणि तो आगाऊ घेतलेल्या उचलीतून वळता होतो. ताप असो, पाळीचं दुखणं असो, बाळंतपण असो. दोघांचा मिळून एक कोयता, म्हणून नवरा उभा असला तरी बायकोच्या आजाराने दोघांचं काम बसतं. २०१९ मध्ये शेजारच्या बीडमधल्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला सरकारने समिती नेमली. खाड्याची भीती त्या शस्त्रक्रियांमागे आहे, हे तेव्हा राज्यभर बोललं गेलं. आमच्या सोनपेठ-गंगाखेडच्या बायका त्याच फडांत जातात. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलेलं आहे. त्या पैशातून आजारी दिवसाची मजुरी आधी द्यावी आणि खाडा कायद्याने बंद करावा. तुमच्या गावातून टोळी निघत असेल तर येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा.